गुरुवारच्या तुम्ही आणि रविवारच्या तुम्ही

पत्र:

ताई,

मी ४४ वर्षांची आहे. डोंबिवलीला राहते, मुंबईत एका खासगी कंपनीत अकाउंट्सला आहे. अकरा महिन्यांपूर्वी आई गेली. तेव्हापासून झोप नीट लागत नाही, चिडचिड वाढली, म्हणून घराजवळच्या जिमची वर्षाची फी भरली. सुरुवातीला छान वाटलं. आता मात्र काहीतरी बिनसलंय.

मागच्या गुरुवारी साहेब मला सगळ्यांसमोर वाट्टेल ते बोलले. लोकलमधून उतरले ती थेट जिमला. ट्रेडमिलवर जीव खाऊन पळाले, वर ट्रेनरने बर्पी (खाली वाकून पाय मागे टाकायचे आणि उठून उडी मारायची, तो दमवणारा व्यायाम) घ्यायला लावल्या. वाटलं होतं, राग घामाबरोबर निघून जाईल. घरी आले ती छाती धडधडत होती. मुलाने डबा धुवायला टाकला नाही एवढ्यावरून त्याच्यावर ओरडले आणि रात्री दोनपर्यंत डोळ्याला डोळा लागला नाही.

रविवारी याच्या उलट. उठवेनाच. अकरा वाजेपर्यंत छताकडे बघत पडून होते. बहीण फोनवर म्हणाली, "शरीर विश्रांती मागतंय ना, मग ऐक की त्याचं." ऐकलं, आणि संध्याकाळी आणखीच वाईट वाटलं. ट्रेनर म्हणतो, "मूड बाहेर चपलांजवळ ठेवायचा, नो एक्सक्यूज." त्यातच एकदा आरशासमोर स्ट्रेचिंग करताना मला रडू फुटलं. सगळे बघत होते. तेव्हापासून जायची लाज वाटते आणि नाही गेले की अपराधी वाटतं.

कोणाचं ऐकू? मनाला वाटेल तसा व्यायाम करायचा की मन मारून करायचा? की जिम सोडून देऊ? आई रोज संध्याकाळी गणपतीच्या देवळापर्यंत चालत जायची, तिला कधी जिम लागली नाही. पुढच्या महिन्यात तिचं वर्षश्राद्ध आहे.

— एक वाचक, डोंबिवली

उत्तर:

नमस्कार,

आई जाऊन अकरा महिने झाले की लोकांना वाटायला लागतं, आता ही सावरली असेल. फोन कमी होतात, घरातही तिचं नाव निघेनासं होतं. आणि आपल्याला तर खरं तेव्हाच जाणवायला लागतं. तुमच्या पत्रात आई सुरुवातीला एकदा येते आणि शेवटी एकदा. मधला सगळा मजकूर ट्रेडमिलचा, साहेबांचा, ट्रेनरचा आहे. तरी मला ते पत्र आईचंच वाटलं. तिच्याकडे मी शेवटी येते.

आधी एक गोष्ट नीट बघा. गुरुवारी तुम्हाला पळावंसं वाटलं, तुम्ही पळालात. रविवारी पडून राहावंसं वाटलं, पडून राहिलात. म्हणजे दोन्ही दिवशी तुम्ही मनाचंच ऐकलंत, आणि दोन्ही दिवशी त्याने तुम्हाला आणखी खोलात नेलं. तापलेलं मन आणखी तापवणारं काहीतरी मागतं. बसलेलं मन आणखी बसायला मागतं. म्हणून "मनाला वाटेल तसा व्यायाम" हे ऐकायला प्रेमळ वाटलं तरी त्यावर चालता येत नाही. "मूड बाहेर ठेवा" हेही खरं नाही, कारण मूड चपलेसारखा काढून ठेवता येत नाही. तो नाडीत असतो, खांद्यांत असतो, श्वासात असतो, आणि तुमच्याबरोबर ट्रेडमिलवर चढतो.

मी सत्तावीस वर्षं फिजिओथेरपी करते. कंबर, गुडघा, मान घेऊन येणाऱ्या बायकांशी बोलता बोलता एवढं शिकले, की व्यायाम करायचा की नाही हे मनाला विचारायचं नाही. कोणता करायचा आणि किती जोराने, हे मात्र त्याच्याकडे बघून ठरवायचं. बघून म्हणते आहे, विचारून नव्हे. त्याला काय हवंय ते बाजूला ठेवायचं आणि ते कुठल्या अवस्थेत आहे ते बघायचं.

गुरुवारचंच घ्या. साहेब बोलत होते तेव्हा तुम्ही गप्प उभ्या होतात, पण तुमचं शरीर गप्प नव्हतं. राग आला की ते भांडायला सज्ज होतं. ॲड्रेनालिन वाढतं, नाडी वाढते, रक्तदाब चढतो, श्वास वरच्यावर होतो, दाढा आवळल्या जातात. मग सव्वा तास गर्दीत उभं राहून प्रवास, आणि डोक्यात तोच संवाद: ते असं म्हणाले, मी तसं म्हणायला हवं होतं. डोंबिवलीला उतरलात तेव्हा तुमचं शरीर आधीच तासभर भांडून आलं होतं. त्याला तुम्ही ट्रेडमिलवर चढवलंत. पुन्हा नाडी वर, पुन्हा रक्तदाब वर, पुन्हा ॲड्रेनालिन. त्या बिचाऱ्याला कुठून कळणार, की आधीची धडधड साहेबांची होती आणि आताची पट्ट्यावरची आहे?

राग "बाहेर काढला" की जातो, ही आपल्याकडे फार घट्ट बसलेली समजूत आहे. उशी बडव, धाव, घाम गाळ, मोकळी होशील, असं मीही पूर्वी सांगत असे. आता सांगत नाही. ब्रॅड बुशमन नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने २००२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ६०० विद्यार्थ्यांकडून निबंध लिहून घेतले आणि मुद्दाम त्यावर अपमानकारक शेरे मारून परत दिले. मग काहींना शेरा मारणाऱ्याचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारायला सांगितलं, काहींना आपल्या तब्येतीचा विचार करत मारायला सांगितलं आणि काहींना नुसतं शांत बसवलं. सर्वात जास्त रागावलेले कोण राहिले? त्या माणसाचा विचार करत ठोसे मारणारे. त्या सगळ्यांत आक्रमकपणा सर्वात कमी होता तो नुसते बसून राहिलेल्यांचा. पुढे २०२४ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेने असे १५४ अभ्यास, दहा हजारांहून जास्त माणसं, एकत्र तपासले. शरीराला शांत करणाऱ्या गोष्टींनी, म्हणजे संथ श्वास, शिथिलीकरण, ध्यान, सावकाश केलेली योगासनं यांनी राग उतरत होता. शरीराला तापवणाऱ्या गोष्टींनी एकंदरीत उतरत नव्हता, आणि धावण्याने तर वाढण्याकडे कल होता. चेंडूचे खेळ मात्र त्याला अपवाद निघाले. मला वाटतं, चेंडूवर नजर ठेवायची तर साहेबांवर ठेवता येत नाही, आणि खेळताना माणूस हसतोही.

ट्रेडमिलवर तुमचे पाय पळत होते आणि डोक्यात साहेब होते. ठोसे मारणाऱ्या त्या मुलांचं झालं तेच तुमचं झालं. मुलावर ओरडलात म्हणून स्वतःला वाईट आई समजू नका. त्या वेळी तुमच्या अंगात जे उसळत होतं, त्याला फक्त एक निमित्त हवं होतं आणि डबा समोर आला.

आणखी एक गोष्ट सांगते, तुम्हाला घाबरवायला नाही. २०१६ साली ५२ देशांतल्या, पहिला हृदयविकाराचा झटका आलेल्या बारा हजारांहून जास्त रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. झटक्याच्या आधीच्या एका तासात राग किंवा मोठा मनस्ताप झाला असेल तर धोका दुपटीहून जास्त दिसला. रागात असताना जबर श्रमही केले असतील तर तिपटीच्या वर. निरोगी माणसाचा मुळातला धोका लहान असतो, त्यामुळे त्याची तिप्पटही लहानच. पण तुम्हाला किंवा यजमानांना रक्तदाब, मधुमेह असेल, घरात कोणाला कमी वयात हृदयाचा त्रास झाला असेल, तर रागाच्या भरात जोर काढणं टाळायचं, हे घरातल्या सगळ्यांनी लक्षात ठेवावं. पुरुषांनी जास्तच, कारण भांडण करून तावातावाने चालायला निघणं त्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं.

मग गुरुवारी काय करायचं होतं? घरी जाऊन बसायचं नव्हतंच. आधी उतरायचं, मग घाम गाळायचा. गाडीतून उतरल्यावर पुलाकडे धावणाऱ्या लोंढ्यातून बाजूला व्हा आणि बाक मिळाला तर बसा. जीभ टाळूपासून सोडवा. ती चिकटलेली असेल, बघा, आणि दाढाही. चार आकड्यांत श्वास घ्या, सहा-सात आकड्यांत सोडा. मोजताना आकडे मनात म्हणा, म्हणजे साहेबांना बोलायला जागा उरत नाही. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना मंदावतात. दुसऱ्या हाताच्या बोटांनी मनगटावरची नाडी धरलीत तर पाच-सहा श्वासांनंतर ते जाणवतंसुद्धा. माझ्याकडे येणाऱ्या बायकांना मी आधी हे करून दाखवते. स्वतःच्या बोटाखाली नाडी सावकाश झालेली कळली की त्यांचा चेहरा बदलतो, कारण तोवर त्यांना वाटत असतं की हे शरीर आपल्या हातात नाही. चार-पाच मिनिटं पुरतात. तेवढ्यात पुढची गाडी येऊन जाते.

त्यानंतर रिक्षा न करता चाला. वेग असा, की आरती गुणगुणता आली पाहिजे. वीस मिनिटांनी स्वतःला पुन्हा तपासा: दाढा सैल आहेत का? खांदे कानांजवळ आहेत की खाली आलेत? शेवटचे दोन चौक चालताना साहेब किती वेळा आठवले? उतरलं असेल तर खुशाल जिमला जा आणि हवं तर पळासुद्धा. उतरलं नसेल तर त्या दिवशी ट्रेडमिल आणि बर्पी वर्ज्य. हलकी वजनं, सावकाश, प्रत्येक खेप मोजत. रागात जड वजन उचलू नका हे मी फिजिओथेरपिस्ट म्हणून सांगते. त्या वेळी लक्ष पाठीकडे नसतं, आणि असे झटका देऊन लचकलेले मणके मी खूप हाताळलेत.

घरी काही करायचं असेल तर सूर्यनमस्कार आहेतच. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी ते आपल्या संस्थानातल्या शाळाशाळांत नेले, आणि आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात आजोबांपासून ते चालत आलेत. त्यांची मला फार आवडणारी गोष्ट म्हणजे एकाच नमस्काराच्या दोन चाली होतात. भराभर बारा घातले तर धाप लागते. प्रत्येक स्थितीत एक पूर्ण श्वास थांबत चारच घातले तर अंग निवतं. गुरुवारसाठी संथ चार, रविवारसाठी भराभर बारा.

एवढं करूनही साहेबांचा प्रश्न व्यायामाने सुटणार नाही. सगळ्यांसमोर बोलणं गैर होतं, आणि ते त्यांना कधीतरी सांगावं लागेल. पण शांत झोप झालेल्या सकाळी ते सांगणं वेगळं, आणि रात्री दोनपर्यंत जागून सांगणं वेगळं.

आता रविवार. इथे तुमची बहीण चुकली असं मी म्हणते, पण तिच्या मायेला दोष देत नाही. थकवा आणि उदासी वरून इतक्या सारख्या दिसतात की डॉक्टरांनाही विचारून विचारून वेगळं करावं लागतं. फरक असा: थकलेलं माणूस पडून राहिलं की थोडं ताजं होऊन उठतं. उदास माणूस जितकं पडून राहील तितकं जड होऊन उठतं. तुम्हीच लिहिलंय, संध्याकाळी आणखी वाईट वाटलं. म्हणजे शरीर विश्रांती मागत नव्हतं. मन तुम्हाला अंथरुणात धरून ठेवत होतं.

पीटर लेविन्सन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात हे चक्र फार साध्या शब्दांत मांडलं. उदास माणूस आवडीच्या गोष्टी करणं कमी करतो. त्यामुळे बरं वाटण्याचे प्रसंग कमी होतात. त्यामुळे तो आणखी उदास होतो आणि आणखी कमी करतो. त्यावरून जी उपचारपद्धती उभी राहिली तिचं सूत्र असं, की उमेद येण्याची वाट बघायची नाही. आधी काहीतरी करायचं, उमेद मागाहून येते. आपण उलटं समजतो. "बरं वाटलं की जाईन" म्हणतो.

माझे वडील रोज सकाळी पर्वती चढायचे. ते गेल्यावर तीन महिने मी तिकडे फिरकले नाही. चढवणारच नाही असं वाटायचं, आणि खरंच पायांत गोळे आल्यासारखे व्हायचे. एका सकाळी मी ठरवलं, चढायचं नाही, फक्त पहिल्या पायरीला हात लावून परत यायचं. गेले. पायरी दगडाची, रुंद, रात्रीच्या गारव्याने थंड पडलेली. हात लावला आणि तिथेच बसले. वडिलांबरोबर चढणारे एक आजोबा काठी टेकत आले, मला ओळखलं, काही बोलले नाहीत, नुसते थांबले. मग आम्ही दोघं अर्ध्यापर्यंत गेलो. त्यांच्या चालीने, म्हणजे दर दहा-बारा पायऱ्यांना थांबत. वर गेलोच नाही. पण त्या दिवशी मी बऱ्याच दिवसांनी भूक लागून जेवले.

तर रविवारी तुमची पर्वतीची पायरी शोधा. तुमच्यासाठी ती "चपला घालून इमारतीच्या फाटकापर्यंत" एवढीच असू शकते. शनिवारी रात्रीच कपडे खुर्चीवर काढून ठेवा, कारण सकाळी कपाट उघडणंसुद्धा डोंगर वाटतं. घड्याळात दहा मिनिटं लावा आणि स्वतःला खरंखुरं वचन द्या, की दहा मिनिटांनी नको वाटलं तर परत यायचं आणि परत आल्याबद्दल स्वतःला बोल लावायचा नाही. बहुतेक वेळा पाय तापले की माणूस पुढे जातं. दहा मिनिटांनंतरही अंग दुखत असेल, कणकण असेल, डोळे मिटत असतील, तर तो खरा थकवा. मग बहिणीचं ऐका आणि निजा.

अशा दिवशी व्यायाम उजेडातला हवा, ओळखीचा हवा आणि ठेका असलेला हवा: चालणं, सायकल, पोहणं. नवीन काही शिकायचा तो दिवस नाही. आणि एकदा का अंगात ऊब आली, की याच दिवशी तुमच्या ट्रेनरचा धाक उपयोगी आहे. इथे जोर लावलेला चालतो. धाप लागू दे, घाम येऊ दे. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात १९९९ मध्ये पन्नाशी ओलांडलेल्या, नैराश्याचं निदान झालेल्या १५६ जणांवर अभ्यास झाला. काहींना नैराश्यावरचं औषध दिलं, काहींना आठवड्यातून तीनदा भरभर चालायला किंवा पळायला लावलं, काहींना दोन्ही. सोळा आठवड्यांनी तिन्ही गट साधारण सारखेच सुधारले होते. औषधाचा गुण आधी दिसला, चालण्याचा सावकाश. हे वाचून कोणी चालू असलेली गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये, ही हात जोडून विनंती. पण पायांत काय ताकद आहे ते यावरून कळावं.

छातीच्या धडधडीबद्दलही थोडं. रागाची धडधड वेगळी आणि भीतीची वेगळी. काही जणींना काही कारण नसताना छाती धडधडते, आता काहीतरी होणार असं वाटतं, ईसीजी काढला तर तो स्वच्छ येतो. मग त्या जिना चढायलाही घाबरतात, कारण चढलं की तीच धडधड होते. तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही, पण वाचणाऱ्यांत कोणी असेल तर तिने डॉक्टरांकडून हृदय तपासून घेतल्यावर हळूहळू, एकेक मजला वाढवत, ती धडधड मुद्दाम अनुभवावी. चढून आल्यावर ती आपली आपण शांत होते, हे शरीराला पुन्हा पुन्हा दाखवावं. मात्र छातीत दाब येऊन तो हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, दरदरून घाम सुटत असेल, तर श्वास मोजत बसायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा.

आणि ते रडणं. मला पत्रातली ती ओळ सर्वात जास्त लागली. स्नायूंत किंवा कमरेत दुःख साठून राहतं आणि ताणलं की बाहेर पडतं, असे व्हिडिओ हल्ली फिरतात. त्याला आधार नाही, त्यामुळे आपल्या शरीरात काहीतरी अडकलंय असं समजू नका. माझ्या मते कारण साधं आहे. सकाळी सहापासून तुम्ही डबे, गाडी, टॅली, साहेब यांत असता. दिवसभरात पहिल्यांदा कोणी तुम्हाला सांगतं, आता डोळे मिटा, श्वास सोडा, काही करू नका. तेवढी एक फट मिळाली आणि आई आली. दुसरी जागाच तुम्ही तिला दिली नव्हती. जिममध्ये बघणाऱ्यांपैकी किमान एकीने तरी मनात म्हटलं असेल, मलाही असंच होतं. पुन्हा झालं तर टॉवेलमध्ये तोंड धरा, होऊ द्या, पाणी प्या आणि पुढचा ताण घ्या. तिथून पळून जाऊ नका. शोकाच्या दिवसांत संथ व्यायामाने रडू येत असेल आणि नंतर हलकं वाटत असेल, तर त्यात बिघडण्यासारखं काही नाही.

जिम सोडू नका. चाळिशीनंतर बायकांची हाडं आणि स्नायू झिजायला लागतात, पाळी जायच्या आसपास तर वेगाने, आणि नुसत्या चालण्याने ते भरून निघत नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सांगते. ते दोन दिवस जिमचे. मध्यम म्हणजे काय? चालताना शेजारणीशी बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, तो वेग. बाकीची मिनिटं रस्त्यावर, घरात, मुलाबरोबर बॅडमिंटन खेळून, कशीही भरा. रात्री झोपायच्या तोंडावर जोराचा व्यायाम नको, तापलेलं अंग लवकर झोपत नाही. जोराचा दिवस शनिवार सकाळ ठेवा, कामाच्या दिवशी संध्याकाळी बेताचं.

ट्रेनरशी स्पष्ट बोला. त्याला सगळी कहाणी सांगायची गरज नाही. आत शिरताना "आज हलकं" किंवा "आज मला ढकल" एवढे दोन शब्द ठरवून घ्या. चांगला ट्रेनर हे ऐकून खूश होतो, त्याचं काम सोपं होतं. आणि अपराधी वाटण्याचं म्हणाल तर आठवडा मोजा, दिवस मोजू नका. मंगळवारी नाही गेलात तर बुधवार आहे.

दोन कामं मात्र या आठवड्यात करा. एक, रक्ततपासणी: हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, ड जीवनसत्त्व. चिडचिड, झोप न लागणं, सकाळी उठवत नाही, यांतलं पुष्कळसं यांपैकी एखाद्या कमतरतेतूनही येतं, आणि तुमच्या वयात पाळीतल्या बदलांमुळेही. जिद्दीने व्यायाम करत राहून हिमोग्लोबिन वाढत नाही. दुसरं, रविवारसारखे दिवस सलग दोन आठवडे येत राहिले, जेवण तुटलं, कशातच रस वाटेना, जगण्यात अर्थ नाही असा विचार डोकावला, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, व्यायामाने जाईल म्हणून थांबू नका. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतूनही आहे. रात्री दोनला जाग असते तेव्हाही तिथे फोन लागतो.

आता आई. तुम्ही लिहिलंय, तिला कधी जिम लागली नाही. मला वाटतं, ती पायांसाठी जात नव्हती. दिवसभराचं घर दाराआड ठेवून ती तेवढा अर्धा तास एकटी असायची. वाटेत कोणी भेटलं तर बोलायची, नाही भेटलं तर गप्प चालायची. मनाला कुठल्या दिवशी काय हवंय हे तिला पुस्तकाशिवाय कळत असणार.

वर्षश्राद्धाच्या दिवशी सकाळपासून घर भरलेलं असेल, स्वयंपाक, गुरुजी, पाहुणे. संध्याकाळी सगळे पांगले की अंगातलं त्राण गेल्यासारखं होईल आणि आडवं व्हावंसं वाटेल. बहिणीला आधीच सांगून ठेवा, त्या वेळी थांब म्हणून. दोघी चपला घाला आणि आईच्या वाटेने देवळापर्यंत जा, ती जायची त्या वेळेला, ती चालायची त्या चालीने. वाटेत ती कुठे थांबायची, कोणाकडून फुलं घ्यायची, ते बहिणीला आठवत असेल तर विचारा. रडू आलं तर कडेला थांबा. पावलं मोजणारं घड्याळ असेल तर ते तेवढं घरी ठेवा.